युनिसचा शनिवार : लुईझियानातल्या केजन गावाला जाताना

युनिसला जायचं ठरवलंत तर सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा. मुक्कामात शनिवार आला पाहिजे. विमान, हॉटेल, गाडी हे सगळं नंतर. मी पहिल्यांदा गेले ती मंगळवारी, ह्यूस्टनहून न्यू ऑर्लीन्सला जाता जाता वाट वाकडी करून. रुंद रिकामे रस्ते, जुन्या विटांची बैठी दुकानं, भाताचे कोठार आणि दुपारचं ऊन, एवढंच दिसलं. तासाभरात निघाले. तीन महिन्यांनी शनिवार धरून पुन्हा गेले तेव्हा कळलं, की मी गाव पाहिलंच नव्हतं. शनिवारी इथे सकाळपासून रात्रीपर्यंत गाणं आणि नाच चालतो. तेव्हापासून ओळखीचं कुणी तिकडे निघालं की मी जे तासभर फोनवर सांगते, ते इथे एकदाच नीट लिहून ठेवते आहे.

जाण्याआधी : हे केजन लोक कोण

हे वाचल्याशिवाय जाऊ नका. नाहीतर अकॉर्डियन नुसतं वाजत राहील आणि आत काही पोचणार नाही.

सतराव्या शतकात फ्रान्समधून काही शेतकरी कुटुंबं आजच्या कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर, नोव्हा स्कोशियाच्या भागात वसली. त्या मुलखाचं नाव अकादी. १७१३च्या तहात तो प्रदेश इंग्रजांकडे गेला. ब्रिटिश राजाशी बिनशर्त एकनिष्ठेची शपथ घ्यायला लोक तयार होईनात, तेव्हा १७५५पासून इंग्रजांनी त्यांना गावागावांतून उचलून जहाजांवर घातलं. दहा हजारांहून जास्त माणसं देशोधडीला लागली. घरं जाळली गेली, कुटुंबं फुटली, कितीतरी लोक वाटेत आजाराने आणि बुडून मेले. या उच्छेदाला ते अजूनही ‘ल ग्रां देरांजमां’ म्हणतात, मोठी उलथापालथ. त्यातली काही कुटुंबं १७६५च्या सुमारास लुईझियानात पोचली. १७८५मध्ये फ्रान्समधून सात जहाजं भरून आणखी सोळाशेच्या आसपास लोक आले. ‘अकादियँ’चं ‘कादियँ’ झालं आणि इंग्रजी तोंडात त्याचं ‘केजन’.

दुसरा घाव त्यांच्या भाषेवर बसला. १९२१च्या लुईझियानाच्या राज्यघटनेने शाळेत फक्त इंग्रजी ठरवलं. घरी फ्रेंचखेरीज काही न ऐकलेली सहा वर्षांची मुलं शाळेत फ्रेंच बोलली म्हणून मार खात, गुडघ्यांवर बसवली जात, ‘मी शाळेच्या आवारात फ्रेंच बोलणार नाही’ हे वाक्य शंभरदा लिहीत. ती मुलं मोठी झाली आणि आपल्या मुलांच्या वाट्याला हे नको म्हणून त्यांनी घरात फ्रेंच बोलणं बंद केलं. राज्याने १९६८मध्ये फ्रेंचच्या जपणुकीसाठी ‘कोडोफिल’ ही संस्था काढली खरी, पण तोवर मधली एक पिढी निसटली होती. भाषा जिथे तग धरून राहिली ती जागा म्हणजे गाणं. आज गावातला पंचविशीतला गायक इंग्रजीत गप्पा मारतो आणि गातो मात्र आजीच्या फ्रेंचमध्ये. ह्यूस्टनच्या मराठी शाळेत रविवारी मुलांकडून बाराखडी घोटून घेणाऱ्या आम्हा पालकांना हे ऐकताना पोटात काहीतरी हलतं. आमच्यावर कुणी छडी उगारलेली नाही, तरी मुलं इंग्रजीतच उत्तर देतात.

आणखी एक. केजन म्हटलं की दलदल, मगरी आणि होड्या डोळ्यांपुढे येतात. युनिस तसं नाही. हा माळाचा, गवताळ सपाटीचा प्रदेश आहे. इथले केजन गुरं राखणारे, घोड्यावरचे आणि भात पिकवणारे. मगरींच्या सहलीसाठी लॅफियेटच्या पूर्वेला अचाफलायाच्या पाणथळीकडे जावं लागेल, ती वेगळी सहल आहे.

कधी

उत्तम काळ ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी ते एप्रिल. मेच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत मुंबईच्या मे महिन्यासारखी चिकचिक असते, शिवाय १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम. क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातली छोटी शेवंडं, खायचे असतील तर मार्च-एप्रिल गाठा. मार्दी ग्रासाठी, म्हणजे लेंट या ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या आदल्या दिवशीच्या सणासाठी, जायचं असेल तर तारीख ईस्टरच्या मागे ४७ दिवस मोजून येते : २०२७मध्ये ९ फेब्रुवारी, २०२८मध्ये २९ फेब्रुवारी. त्या आठवड्याच्या खोल्या कित्येक महिने आधी भरतात.

कसं पोचायचं

गाडी लागतेच. युनिसला बस-रेल्वेने जाऊन फिरता येईल असा विचार डोक्यातून काढून टाका. ह्यूस्टनहून आंतरराज्य महामार्ग १० धरून पूर्वेला क्राउलीपर्यंत यायचं आणि तिथून राज्य मार्ग १३ने उत्तरेला वळायचं. न थांबता साधारण साडेतीन तास. न्यू ऑर्लीन्सहून तीन तासांच्या आत. भारतातून येणाऱ्याने ह्यूस्टन किंवा डॅलसला उतरून लॅफियेटचं छोटं विमान घ्यावं आणि तिथे गाडी भाड्याने घ्यावी. लॅफियेट ते युनिस तासाभराचा रस्ता आहे.

पूर्वेकडून येताना अचाफलायाच्या पाणथळीवरचा जवळपास २९ किलोमीटर लांबीचा पूल लागतो. पुलावर ताशी ६० मैलांची मर्यादा आहे आणि पोलीस ती काटेकोर पाळायला लावतात. घाई करू नका, दोन्ही बाजूंना पाण्यात उभी सायप्रसची झाडं बघत या.

मुक्काम युनिसमध्येच करा, मोटेलं साधी असली तरी. लॅफियेटमध्ये खोल्या चांगल्या मिळतात, पण रात्री कार्यक्रम संपल्यावर अंधाऱ्या रस्त्याने तासभर गाडी हाकायची असेल तर नाचायला उठवत नाही. मुलं बरोबर असतील किंवा स्वतः रांधायचं असेल तर मात्र लॅफियेटमध्ये स्वयंपाकघर असलेली जागा बघा.

निघण्याआधी प्रत्येक ठिकाणी फोन करून वेळ विचारा. लहान गावात एखाद्याच्या घरी लग्न असलं तरी दुकानाला कुलूप लागतं, आणि संकेतस्थळावर जुनीच वेळ राहिलेली असते.

शनिवार, सकाळी नऊ

गावाच्या पूर्वेला, यूएस १९० रस्त्यालगत सॅव्हॉय म्युझिक सेंटर आहे. मार्क सॅव्हॉय यांनी ते १९६६मध्ये उघडलं. ते स्वतः अकॉर्डियन बनवतात, आणि दर शनिवारी सकाळी नऊपासून दुपारपर्यंत दुकानात गावकऱ्यांची बैठक बसते. मी मुद्दाम बैठक म्हणते आहे. मंच नाही, ध्वनिक्षेपक नाही, तिकीट नाही. खुर्च्या गोल मांडलेल्या, फिडल, म्हणजे व्हायोलिन, घेतलेले पाच-सहा जण, एखाद-दोन गिटार, एक अकॉर्डियन. ऐंशीच्या घरातले आजोबा सूर धरतात आणि शेजारी बसलेली बारा वर्षांची मुलगी त्यांच्या बोटांकडे बघत मागून वाजवते. आमच्याकडे गुरूच्या मागे तानपुऱ्यावर बसून शिकतात ना, तसंच.

जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. वाटेत पौंड-दोन पौंड बूदँ, म्हणजे भात आणि मांस भरलेलं सॉसेज, घ्या आणि तिथल्या टेबलावर इतरांच्या पुड्यांशेजारी ठेवा. मग मागे उभं राहून ऐका. गाणं चालू असताना गप्पा नकोत. चित्रीकरण करायचं तर आधी विचारा. वाद्य येत असेल तरी पहिल्या शनिवारी नुसतं ऐकणंच बरं.

कान कुठे लावायचे ते सांगते. इथलं अकॉर्डियन आपल्या पेटीच्या नात्यातलं आहे, दोन्हींत हवेच्या जोरावर धातूच्या पट्ट्या थरथरतात. पण याला पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांऐवजी दहा बटणं असतात, आणि भाता आत दाबताना एक सूर तर बाहेर ओढताना दुसरा निघतो. म्हणून वादकाचे हात सारखे झटके देत असतात आणि त्या झटक्यांतूनच नाचाचा ठेका येतो. त्याआधी, अकॉर्डियन इथे रुळण्यापूर्वी, फिडलचं राज्य होतं. तिसरं वाद्य लोखंडी त्रिकोण, ‘तीफेर’. पूर्वी तो गवत गोळा करायच्या यंत्राच्या मोडक्या दातांपासून वळवत, कारण ते पोलाद चांगलं खणखणतं.

अकरा वाजता मामूला

युनिसच्या उत्तरेला वीस मिनिटांवर मामू हे आणखी लहान गाव आहे. वस्ती तीन हजारांच्या आसपास. तिथला फ्रेड्स लाउंज हा दारूचा गुत्ता खास शनिवारी सकाळसाठी ओळखला जातो. आठच्या सुमारास दार उघडतं, दुपारी बंद होतं. फ्रेड टेट यांनी तो १९४६मध्ये घेतला आणि इथला कार्यक्रम अनेक दशकं रेडिओवरून थेट ऐकवला गेला. भर सकाळी, एका खोलीत, दोरीने आखलेल्या चौकोनात वादक उभे असतात आणि भोवतीच्या अरुंद जागेत जोडपी नाचत असतात.

इथे मुलांना नेऊ नका. कुटुंब बरोबर असेल तर मामू सोडून द्या आणि सॅव्हॉयच्या बैठकीतच दुपारपर्यंत बसा, माझ्या मते तेच जास्त मोलाचं आहे. जाणार असाल तर एकाने दारूला हात न लावता गाडीसाठी मोकळं राहायचं. हे रस्ते अरुंद आहेत आणि दोन्ही बाजूंना खोल चर आहेत.

नाचायला कुणी बोलावलं तर ‘येत नाही’ म्हणून मागे सरू नका. वॉल्ट्झ आणि टू-स्टेप हे दोनच नाच पुरतात. वॉल्ट्झ तीन मात्रांचा, दादरा कानात असेल त्याला तो लगेच सापडतो. सगळी जोडपी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. जलद नाचणारे बाहेरून जातात, शिकाऊंनी मध्याकडे राहावं. मला पहिल्यांदा पावलं शिकवली ती सत्तरीच्या एका बाईंनी. फक्त माझा खांदा धरून त्या कानाजवळ मोजत राहिल्या, आँ, द्यू, त्र्वा.

दुपार

युनिसला परत या. वेस्ट पार्क अॅव्हेन्यूवर प्रेअरी अकेडियन कल्चरल सेंटर आहे, अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेचं. प्रवेश विनामूल्य. माळावरच्या केजनांची शेती, विणकाम, घरं, वाद्यं, मार्दी ग्राचे मुखवटे, सगळं नीट मांडलेलं आहे. दीड तास द्या. हातमागावरच्या कापडापाशी थांबून बघा. इथे पिवळसर तपकिरी रंगाचा कापूस जातीनेच रंगीत उगवायचा आणि बायका त्याचीच पांघरुणं विणायच्या, कापड रंगवावं लागत नसे.

गावातलं जुनं रेल्वे स्टेशन आता संग्रहालय आहे. १८९४मध्ये सी. सी. ड्यूसन यांनी रेल्वेच्या भरवशावर या माळावर भूखंड पाडून विकले आणि गावाला बायकोचं नाव दिलं, युनिस. शेजारीच केजन संगीताचं छोटं संग्रहालय आहे. तिथे दोन नावं शोधा : आमेदे आर्दवाँ आणि डेनिस मॅगी. आर्दवाँ हे क्रेओल, म्हणजे लुईझियानातल्या फ्रेंच बोलणाऱ्या कृष्णवर्णीय समाजातले, अकॉर्डियनवादक, मॅगी गोरे फिडलवादक. वर्णभेदाच्या त्या काळात दोघांनी १९२९मध्ये एकत्र ध्वनिमुद्रण केलं. पुढे एका नाचाच्या रात्री गोऱ्या मालकाच्या मुलीने घाम पुसायला आर्दवाँना रुमाल दिला म्हणून काही जणांनी त्यांना मरणाच्या दारात पोचेपर्यंत मारलं, असं इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. १९४२मध्ये ते पाइनव्हिलच्या मनोरुग्णालयात वारले. केजन आणि क्रेओल लोकांचं झायडको, दोन्ही संगीतांच्या पायाशी हा माणूस आहे. ऑपलूससजवळ, आंतरराज्य ४९वरच्या पर्यटक केंद्रात २०१८पासून त्यांचा पुतळा उभा आहे. वाट थोडी वाकडी होते, तरी जा.

संध्याकाळ

सांस्कृतिक केंद्राला लागूनच लिबर्टी थिएटर, १९२४चं. इथे १९८७पासून शनिवारी संध्याकाळी ‘रांदेव्हू दे केजन्स’ हा रेडिओसाठीचा जाहीर कार्यक्रम रंगत आला आहे. निवेदन बरंचसं फ्रेंचमध्ये, मध्येच एखादी पाककृती, एखादा किस्सा आणि वाद्यवृंद. साडेपाचला जाऊन पुढची जागा धरा, कारण मंचापुढच्या मोकळ्या जागेत लोक नाचतात आणि खरा बघण्यासारखा भाग तोच असतो. भाषा कळली नाही तरी हसू कुठे फुटतं ते कळतं. तिकीट स्वस्त असतं. सुट्टे पैसे जवळ ठेवा, लहान जागी कार्ड चालेलच असं नाही.

खाणं

सुरुवात बूदँपासून. भात, डुकराचं मांस, काळीज आणि कांद्याची पात भरून वाफवलेलं सॉसेज. ते हॉटेलात नाही, पेट्रोल पंपावर आणि खाटकाच्या दुकानात गरम मिळतं. कागदात गुंडाळून देतात, गाडीतच बसून खायचं. एक टोक तोंडात धरून सारण दाबून बाहेर काढायचं आणि आवरण टाकून द्यायचं.

गंबो म्हणजे भातावर घेतात तो दाट रस्सा. त्याचा जीव ‘रू’मध्ये आहे. गव्हाचं पीठ तेलात मंद आचेवर सतत ढवळत गडद तपकिरी करायचं. लाडवासाठी बेसन भाजताना जसं क्षणभरही हलता येत नाही आणि एक कण करपला तर सगळं फेकावं लागतं, अगदी तसंच. माळावरचा गंबो कोंबडी आणि धुरावलेल्या सॉसेजचा असतो. शहरातल्या हॉटेलातला टोमॅटो घातलेला गंबो इथे मागू नका. ‘गंबो’ हा शब्द भेंडीच्या आफ्रिकी नावावरून आलेला आहे. गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी आपली भाजी, आपला शब्द आणि हातची चव या भांड्यात घातली आणि मूळनिवासींनी सासाफ्रासच्या पानांची पूड दिली, तिला फिले म्हणतात.

क्रॉफिश म्हणजे बोटभर शेवंडच, गोड्या पाण्यातली. क्राउली ते युनिस येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताची खाचरं दिसतील आणि हिवाळ्यापासून त्यांत ओळीने जाळीचे पिंजरे उभे असतील. भात काढला की शरदात तीच खाचरं पुन्हा पाण्याने भरतात, बिळांत दडलेले क्रॉफिश बाहेर येतात, भाताच्या खुंटांवर पोसतात आणि वसंतात पकडले जातात. कोकणात खाचरात मुठे पकडत वाढलेल्याला हे सांगावं लागणार नाही. उकडलेले क्रॉफिश पौंडावर मिळतात, बरोबर मका आणि बटाटे. एका माणसाला तीन पौंड सहज लागतात कारण निम्म्याहून जास्त कवचच असतं. डोकं आणि शेपूट पिरगळून वेगळी करा, शेपटीचं पहिलं कडं सोला आणि मागून दाबा. तिखट हात डोळ्यांना लावू नका. हे हाताने खायचं अन्न आहे, तेव्हा आपल्याला वेगळं काही शिकावं लागत नाही.

शाकाहारी असाल तर तयारीने जा. इथे राजम्यासारख्या लाल बीन्समध्ये सॉसेज असतं, फरसबीत बेकन, मसाल्याच्या भातात खिमा, आणि कॉर्नब्रेडसुद्धा चरबीत भाजलेला असू शकतो. ‘मीट नको’ एवढं म्हणून भागत नाही. हा कॅथलिक मुलूख आहे, लेंटच्या शुक्रवारी ‘मीटलेस’ पाटी लागते तेव्हा तिचा अर्थ मासे आणि क्रॉफिश असा असतो. ‘मांस नाही, मासे नाहीत, सॉसेज नाही, कोंबडीचं पाणीही नाही’ असं एकेक करून सांगा. लोक वाईट वाटून घेत नाहीत, उलट आत जाऊन विचारून येतात. माझी आई बरोबर होती तेव्हा आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या आणि मेतकूट नेलं होतं. साधा भात सगळीकडे आणि उत्तम मिळतो. मेतकूट-भातावर तिचे तीन दिवस आनंदात गेले.

मार्दी ग्रा पाहायचा असेल

न्यू ऑर्लीन्सची मिरवणूक विसरा. इथल्याला ‘कुरीर’ म्हणतात, धाव. लेंटचा उपवास सुरू होण्याच्या आदल्या दिवशीचा हा सण, म्हणजे गोव्यातलं इंत्रुज ज्या मंगळवारी संपतं तोच मंगळवार. पहाटे माणसं चिंध्यांच्या झालरींचे कपडे, उंच टोकदार टोप्या आणि जाळीचे मुखवटे घालून घोड्यांवर आणि गाड्यांवर निघतात. पुढे मुखवटा न घातलेला ‘कापितेन’, हातात पांढरं निशाण. प्रत्येक घराशी तो एकटा पुढे जाऊन परवानगी मागतो. मालकाने हो म्हटलं की बाकीचे अंगणात शिरतात, गातात, नाचतात आणि गंबोसाठी शिधा मागतात. मालक जिवंत कोंबडी हवेत सोडतो आणि चिखलातून सगळे तिच्या मागे. शिमग्यात सोंगं घेऊन घरोघर पोस्त मागत हिंडलेल्यांना हा खेळ लगेच कळेल.

पाहुण्यांसाठी युनिसच सोपं, कारण गावात दिवसभर रस्त्यावर संगीत असतं आणि दुपारी स्वार परततात तेव्हा फुटपाथवरून सगळं दिसतं. लहान गावांच्या धावेत आमंत्रणाशिवाय शिरू नका. तिथे भाग घ्यायचा तर पोशाख आणि मुखवटा लागतोच, आणि कापितेनचा शब्द शेवटचा. घोड्यांपासून लांब राहा, स्वार दिवसभर पीत असतात. मुखवटेवाल्याने तुमच्याकडे हात पसरला तर एक-दोन नाणी द्या, तो खेळाचा भाग आहे.

बोलताना

‘बोंजूर’ आणि ‘मेर्सी’ पुरेसं आहे, पण वयस्कर माणसाला ‘कोमां सा वा?’ विचारून बघा, चेहरा बदलतो. त्यांच्या फ्रेंचला ‘मोडकी’ म्हणू नका, शाळेत शिकलेल्या पॅरिसच्या फ्रेंचने दुरुस्तही करू नका. आयुष्यभर त्यांनी तेच ऐकलं आहे. नावांचे उच्चार आधी शिकून घ्या : तिबडो, बूड्रो, एबेर. आणि तुम्ही कुठले, घरी कोणती भाषा बोलता, हे ते विचारतीलच. नुसतं ‘इंडिया’ म्हणून थांबू नका, मराठी सांगा, एखादी ओळ म्हणून दाखवा. त्या बाईंनी मला नाच शिकवल्यावर एवढंच विचारलं होतं, की तुझी मुलं ती भाषा बोलतात का.

रविवार

सकाळी गाव चर्चमध्ये असतं आणि बरीच दुकानं बंद. पेट्रोल शनिवारीच भरून ठेवा. व्हील प्लॅट या गावाच्या उत्तरेला चिको राज्य उद्यान आहे, तळ्याकाठी सायप्रसची झाडं आणि लागूनच राज्याचं वृक्षोद्यान. दोन तास चालून या. परतीचा बूदँ मात्र शनिवारीच बांधून घ्या, बर्फाच्या पेटीत ठेवला तर ह्यूस्टनपर्यंत नीट पोचतो.